डांगी गाईसाठी पायपीट

नव्वदच्या दशकात मी तळेघरला गुरांचा डॉक्टर होतो. तिथला एक शेतकरी काहीही विचारलं, की आधी गाईची मान खाजवायचा आणि मग सावकाश उत्तर द्यायचा. त्याची गाय डांगी, म्हणजे डोंगरातल्या मुसळधार पावसात टिकणाऱ्या जातीची; डांगी वळूच्या रेतनाचं इंजेक्शन दोनदा देऊनही ती गाभण राहिली नव्हती. मी आता जर्सी वळूच्या रेतनाचं सुचवलं.

"नगं. जर्सीचं वासरू ह्या पावसात टिकायचं न्हाई. आन् गावचा वळू हिचा बापच हाय."

मग तो गाईला घेऊन दोन दिवस चालत पलीकडच्या खोऱ्यात गेला. तिथल्या वळूकडून ती फळेपर्यंत तिथंच राहिला.

पुढं गाईला गोऱ्हा झाला. कालवड झाली नाही म्हणून मी हळहळलो.

"गोऱ्हाच पायजे व्हता, डॉक्टर," तो म्हणाला. "आता गावात वळूसाठी कुणाला एवढं चालाया नगं."