अर्धा ठेका आधी

ग्राँ फाँ गावच्या चढावरची दगडी भिंत जोसेफातने बांधलेली. चाळीस वर्षं तो रस्त्याच्या कामावर होता. दगड हातात घेतला की त्याची बसायची बाजू त्याला कळायची. फिरवून फिरवून बघणाऱ्यांवर तो खेकसायचा. शहात्तराव्या वर्षीही रोज सकाळी कोको चहा पिऊन तो नदीपर्यंत उतरायचा आणि न थांबता वर यायचा. पायांत ताकद हवी होती ती शनिवारसाठी. शनिवारी दुपारी शाळेच्या पडवीत क्वाड्रिलचा नाच असायचा.

चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना. एक माणूस कमी पडला तर नाच उभाच राहत नाही. सगळे सत्तरीपुढचे, थोरली क्लेमेन्स, एक्क्याऐंशीची. जोसेफात नाचायचा बायकोबरोबर, अनातालीबरोबर. अडतीस वर्षं. जूनमध्ये ताप आला आणि आठ दिवसांत अनाताली गेली.

महिनाभर पडवी बंद राहिली. मग समोरच्या जोडीतला युस्टाश येऊन जोसेफातच्या उंबऱ्यावर बसला.

"बाई शोध एखादी."

"मला नाही नाचायचं."

"तुला विचारतंय कोण? क्लेमेन्सचं बघ. महिनाभर घरात बसलीये, आता चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत तिला. आणि तू? नदीवर कधी गेला होतास शेवटचा?"

त्या महिन्यात जोसेफात एकदाही गेला नव्हता.

बायकांची पावलं येणारी गावात एकच बाई उरली होती: अनातालीची धाकटी बहीण फिलबर्टीन. नवऱ्याला आवडत नाही म्हणून तिने लग्नानंतर नाच सोडला होता. आता नवराही नव्हता. जोसेफात गेला तेव्हा ती दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत दारात बसून अळकुड्या सोलत होती.

"दाजी, लाज वाटते का काही? ताईला जाऊन दोन महिने नाही झाले."

"वाटते. पण तू नाही आलीस तर सात माणसं खुर्चीत बसून मरतील."

ती सोलत राहिली. टोपली संपल्यावर म्हणाली, "मी काळे कपडे उतरवणार नाही."

"नको उतरवू."

पहिल्या शनिवारी, नाचाला वाजवणाऱ्या सिप्रियेनने अकॉर्डियन उघडलं. चार पावलं, गिरकी, मग जोडीदाराचा हात. जोसेफातने हात पुढे केला आणि मूठ रिकामी मिटली. फिलबर्टीनचा हात त्यानंतर आला. पुढच्या गिरकीला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

"माश्या पकडतोस का रे?" युस्टाश ओरडला.

"मी तालातच आहे, दाजी," फिलबर्टीन हळूच म्हणाली. "ताई घाई करायची."

खरं होतं. अनाताली अर्धा ठेका आधीच वळायची. दार पुरतं उघडण्याआधी आत शिरणारी बाई. अडतीस वर्षांत त्याचा हात तिच्या घाईला सरावला होता. खरं असूनही त्याला राग आला.

चूक ती चूक. ती त्याने कामासारखी हातात घेतली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावायचं आणि तोंडाने ठेका मोजत हात रोखून धरायचा. गुडघा दुखला तरी वीस वेळा म्हणजे वीस वेळा. तिसऱ्या शनिवारी हात दोनदा चुकला. सहाव्या शनिवारी एकदाही नाही.

सिप्रियेनने अकॉर्डियन मांडीवर ठेवलं. "इतकी वर्षं वाजवतोय, चारही जोड्या एकदम वळलेल्या आज पहिल्यांदा बघितल्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लेमेन्सला दम लागला होता, तरी ती हसत म्हणाली, "आता शहरात, रोझोच्या स्पर्धेत बघाच म्हणावं म्हाताऱ्यांना!" फिलबर्टीनने मान खाली घातली.

जोसेफात घरी आला. आज सरावाची गरज नव्हती, तरी त्याने टेबल सरकवलं. अनातालीच आठवत होती. तिची आवडती चाल गुणगुणत त्याने चार पावलं टाकली, गिरकी घेतली, हात पुढे केला. हात बरोबर ठेक्यावर गेला.

पुन्हा केलं. पुन्हा ठेक्यावर.

मग मुद्दाम आधी हात काढला. तो गेला आधी, पण त्याने पाठवला म्हणून गेला. पूर्वी पाठवावा लागत नसे. मूठ रिकामी मिटायची त्या दिवसांत अनाताली तिथेच कुठेतरी होती, जरा पुढे, घाईत. त्यालाच ते चुकीचं वाटलं आणि घाम गाळून त्याने ते काढून टाकलं. बसवलेला दगड उपटता येतो. याला काय करायचं, ते त्याला कळेना. दिवेलागण झाली तरी तो टेबलाला टेकून उभाच होता.

पुढच्या शनिवारी तो वेळेवर पडवीत आला.

"डोळे का लाल रे?" युस्टाशने विचारलं.

"चढ चढून आलो."

सूर लागला. चार पावलं, गिरकी, आणि फिलबर्टीनचा खरखरीत, गार हात त्याच्या हातात नेमका ठेक्यावर पडला. नाचाचे पाचही भाग झाले. क्लेमेन्स खांबाला धरून श्वास घेत राहिली, मग म्हणाली, "अजून एकदा."

जोसेफात आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला.