तक्रार करणाऱ्याचीच बदली

"साहेब, हलवताय कुणाला? मला? हाकललं त्या बाईनं, अन् बोचकं बांधायचं मी?"

नळवाल्याचा आवाज चढला तशी टेबलापलीकडची तिघं चुळबुळली. तिघं तीन शहरांच्या पालिकांची. रंगावरून, जन्मावरून कुणाला डावललं तर सगळ्यांनी मिळून निस्तरायचं, असा या पालिकांचा करार होता. निस्तरायचं म्हणजे काय, तर तक्रार करणाऱ्याला उचलून शेजारच्या शहरात नेऊन ठेवायचं. डावलणारा जागचा हलत नसे.

"शिक्षा नाही हो ही," मधली मॅडम समजुतीनं म्हणाली. "तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. आता चौथं शहरही आपल्यात आलंय."

"अन् तिथंही असंच झालं तर?"

"पाचव्याशी बोलणी चालू आहेत."

नळवाल्याला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. पहिल्या शहरात एका घरानं त्याला ओट्याला हात लावू दिला नाही. असल्या काळ्या हातानं बसवलेल्या नळाचं पाणी पिणार नाही म्हणाले. तक्रार केली, बदली झाली. दुसरीकडं सोबतच्या कामगारांनी त्याचे पाने-पक्कड वेगळे काढले. पुन्हा तक्रार, पुन्हा बदली. इथं कुठं बूड टेकतंय तोवर एका बाईनं पायरीवरूनच पिटाळलं. या हलवाहलवीत थोरली पोर शाळेत मागं पडत गेली, त्याच इयत्तेत पुन्हापुन्हा बसली. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आता बिऱ्हाड हललं तर मी अन् पोरी इथंच. तुम्ही जा एकटे, तुमचा न्याय घेऊन."

"त्या बाईला काही विचारलंत?" त्यानं विचारलं.

"त्या नागरिक आहेत," कडेचा साहेब म्हणाला. "नागरिकांची बदली करता येत नाही."

"मग मी कोण, पाण्याची टाकी?"

नळवाल्यानं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "तक्रार मागं घेतली तर?"

"तक्रारच नसेल तर बदली कशाची?" साहेब चटकन बोलून गेला.

मॅडम कळवळली. "असं करू नका हो. आम्ही तुमच्या बाजूनं आहोत."

"बाजू राहू द्या मॅडम. मला इथं राहू द्या." त्यानं घसा खाकरला. "ती बाई मला काही बोललीच नाही. माझ्याच कानांचा घोटाळा. तसं लिहा."

खाली मुकादम वाट बघत होता. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "राहिलास म्हणे. बरं झालं. पण आता घराघरात जायचं काम नाही हां तुला. रोजची कटकट कोण ऐकणार? रस्त्यावरची मोठी लाईन फुटलीय. खड्ड्यात उतर. तिथं कुणी नको म्हणत नाही."

नळवाल्यानं त्याच्यामागोमाग रस्त्यावरचा खड्डा गाठला. मग चपला काढल्या, विजार गुडघ्याच्या वर खोवली आणि चिखलात उतरला. पाणी थंडगार होतं. पाईपचा फुटका जोड हातानं चाचपत तो ओरडला,

"व्हॉल्व्ह बंद करा रे आधी! मोठा पाना द्या इकडं!"