गुरुजींची सीट अजून खाली

आमचं गॅरेज अमरावतीत. मी आनि रफीकभाई, दोघंच. मोटारसायकलची सीट खाली घेनं, हँडल माणसाच्या मापानं बसवनं, हे आमचं रोजचं काम. लोकं गाडी घेऊन जातात आनि किस्से इथंच सोडून जातात. त्याइचं काय करावं, मले अजून समजलं नाही बाप्पा!

*

एक वकीलसाहेब आले. "हँडल वर घे, पाठ दुखून राहिली." घेतलं वर. दुसऱ्या दिवशी हजर. "आता खांदे दुखून राहिले!" घेतलं खाली. तिसऱ्या दिवशी मान!

रफीकभाई शांतपनं म्हने, "साब, गाडी घरी पाठवा, तुमी इथं थांबा. तुमचंच सेटिंग करा लागते!"

*

मंग आले आमच्या गल्लीतले गुरुजी, संगं काकू. "सीट खाली घे रे. पौर्णिमेला चांदूर रेल्वेला सत्यनारायण आहे. मी पोचलो नाही तर यजमान दुसरा गुरुजी बोलावतील. वीस वर्षांचं घर हातचं जाईल."

मी फोम कापला. गुरुजी बसले. पाय अधांतरी! अजून कापला. तरी अधांतरी! माह्यं डोकंच चालेना.

रफीकभाईनं गाडी ढकलली. गाडी इतका वेळ डबल स्टँडवर उचललेली होती! आता गुरुजींचे तळवे सपाट टेकले, वरून गुडघेही वाकले. मले वाटलं, आता शिव्या बसतात.

गुरुजी म्हने, "अजून बोटभर खाली घे."

*

"कावून गुरुजी? पाय तर टेकून राहिले ना!"

"तू घे रे."

घेतली. मंग म्हने, हँडल मागं ओढ. ओढलं.

"गुरुजी, वळताना हे पोटात घुसते!"

"घुसू दे."

घुसू दे? मी रफीकभाईकडं पाह्यलं, रफीकभाईनं माह्याकडं. स्टुलावर बसलेल्या काकू म्हनल्या, "क्लच फार कडक आहे. तोही सैल कर."

"गुरुजींचे हात दुखतात काय काकू?"

"तसंच समज."

ते गेल्यावर रफीकभाई हळूच म्हने, "गुरुजी आखूड होऊन राहिले का बे?"

मले झोप लागेना. एवढ्या बुटक्या गाडीवर हा माणूस चांदूरले पोचनार कसा? पोचला नाही तर यजमान जातीन, आनि बोल आमाले!

*

पौर्णिमेच्या सकाळी शटर उघडून राहिलो होतो. समोरून तीच गाडी आली. पुढं काकू! पदर खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. मागं गुरुजी. डोळ्याच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा लावलेला, मांडीवर पोथीची पिशवी, हातात पूजेचे केळीचे चार खांब उभे धरलेले.

काकूंनी ब्रेक मारला. दोन्ही पाय टेकवले. बरोब्बर टेकले!

रफीकभाईचा चहा हातातच राहिला.

काकू म्हनल्या, "आरसा नीट लावून दे रे. मागचं काही दिसत नाही."

केळीच्या पानांमागून गुरुजींचा आवाज आला, "मागं मी आहे ना! तू पुढं पाह्य!"