मोठी म्हणते

बायको गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. आधी मुलीलाच डेंग्यू झाला होता. तिच्या उशाशी बसून बायकोने पाच दिवस काढले आणि स्वतःला ताप आहे हे कुणाला सांगितलंच नाही. मुलगी उठून खेळायला लागली आणि ही आडवी झाली. अलिबागला हलवलं, पण तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

मी आगरदांड्याच्या धक्क्यावर, दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या चढवायच्या कामाला आहे. घरी बसून भागणार नव्हतं. शाळा सुटली की मुलगी शेजारच्या मावशींकडे थांबायची. मावशी बोंबील वाळवून विकतात. त्यांच्या अंगणात बसून ती कावळे हाकायची.

महिन्याभराने एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारलं. "मोठी म्हणते, मला गोड मिळणार नाही."

"कोण मोठी?"

"आहे एक. माझ्यापेक्षा मोठी."

शाळेतली असेल म्हणून बाईंना विचारलं. अशी कुणी मुलगी त्यांना माहीत नव्हती. हळूहळू मोठीची हुकमत वाढत गेली. आईच्या साडीला हात लावायचा नाही. वाढदिवस करायचा नाही. एकदा वेणी घालताना मुलगी आरशात बघत शांतपणे म्हणाली, "मोठी मला दोष देत नाही. पण आई माझ्यामुळेच गेली."

माझ्या हातातला कंगवा थांबला. सात वर्षांची पोर 'दोष' म्हणत नाही. हे कुणीतरी मोठ्या माणसाने तिच्या कानात घातलं होतं.

त्याच दिवसांत फेरीत कुणी पर्यटक एक भयकादंबरी विसरून गेला. आई गेलेली मुलगी आणि तिला एकटीलाच दिसणारी मैत्रीण, अशी ती गोष्ट. शेवटी मैत्रीण तिला हाताला धरून तळ्यात उतरवते. मी ते पुस्तक दोन दुपारी गाड्यांच्या रांगेशेजारी उभ्याउभ्या वाचलं. वाचायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी परसातल्या विहिरीवर जाळी बसवून घेतली. मुलगी कुठे बघते, कुणाशी हसते, रिकाम्या खुर्चीजवळ का उभी राहते, यावर माझी नजर राहायला लागली. आणि सगळ्यात जास्त संशय मावशींचा. शाळा सुटल्यावर पोर त्यांच्याचकडे तर असायची.

एका रविवारी मी त्यांच्या अंगणात गेलो. "मावशी, पोरीला तिच्या आईबद्दल काय काय सांगता?"

त्यांनी हातातले बोंबील खाली ठेवले. "मी कशाला सांगू? ती माज्याशी बोलतच न्हाय. तुमच्या मागल्या पायरीवर एकटीच बडबडत बसते. तूच जाऊन ऐक."

मला ते खरं वाटलं नाही. तरी सोमवारी दुपारी लवकर सुटून घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभा राहिलो. मुलगी मागच्या पायरीवर बसली होती. आधी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मी आता बरी आहे ना?" मग मान ताठ केली, दोनदा घसा खाकरला आणि जाड आवाज काढला. "मी कुणाला दोष देत नाही गं. पण पोरीला ताप आला नसता, तर आज तिची आई असती."

तो घसा माझा होता. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय माझी. आणि ते वाक्यही माझंच. बाराव्यानंतर पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलताना, याच पायरीवर उभा राहून मी ते म्हणालो होतो. मुलगी आत झोपली आहे असं समजून.

मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, "हे मी बोललो होतो."

"माहितीये," ती म्हणाली. "मोठीने पण ऐकलं."

"ते खोटं होतं. आईला डास चावला, जसा तुला चावला. तुझ्यामुळे काही झालं नाही."

"मग तू का बोललास?"

"मला फार राग आला होता. कुणावर काढावा ते कळेना."

तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही, आणि तिचं चुकत नव्हतं.

मावशींची माफी मागितली. "बरं, आता जेवून जा," एवढंच त्या म्हणाल्या. बहिणीला मी पुन्हा फोन केला, तो मुलीला समोर बसवून. जे चुकीचं बोललो होतो ते तिच्यादेखत मागे घेतलं. मोठी तरीही काही महिने येत राहिली. कधी ती चिडायची, कधी शिरा खाऊ द्यायची नाही. तेव्हा मी मुलीजवळ बसायचो आणि मोठीलाच सांगायचो, "मी चुकलो होतो, बाई."

दिवाळीत मुलीने आईची पिवळी साडी अंगाभोवती गुंडाळून घरभर मिरवली. मोठी काय म्हणते, ते मी विचारलं नाही.