हातपंपाला बांधलेली तार

ताज्या कापलेल्या सागाचा वास आला की आमच्या आलापल्लीच्या दुकानातली ती दुपार आठवते. फळ्या कोनात कापायची विजेची करवत नवीनच आणली होती. मी यादी केली होती: मशीन टेबलाला बोल्टने आवळणं, पात्यावरचं झाकण तपासणं आणि अर्थिंग. कोळसा-मीठ घालून खड्डा करायचा तर दिवस मोडला असता. दुकानातला मिस्त्री हसून म्हणाला, "खड्डा काऊन खंदता भाऊ? तार बाजूच्या हातपंपाले बांधतो. लोखंड पार पाण्यात गेलं हाय." मी हो म्हटलं आणि यादीवर खूण केली. आठवड्याभरात मशीनच्या आत कुठेतरी वायर उघडी पडली आणि करंट त्या तारेतून पंपात उतरू लागला. करवत चालू असतानाच शेजारची बाई पाणी भरायला आली आणि ओल्या हाताने पंपाच्या दांड्याला चिकटली. तिची किंकाळी ऐकून मिस्त्रीने प्लग उपटला, तेव्हा ती खाली कोसळली. जगली, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. मी त्याच संध्याकाळी तार सोडवली, दुसऱ्या दिवशी खड्डा खणला, पुढे मशीनच विकलं. तरी पंपाला हात लावण्याआधी ती दुकानाकडे बघून विचारायची, "भाऊ, बंद हाय ना?" अजूनही विचारते. मी हातातलं काम ठेवून दारात येतो आणि सांगतो, "बंद आहे बाई."