जागच्या जागी सायकल

१२ जानेवारी १९७३, शुक्रवार. शाळा आणि दवाखाना उरकून घरी आले आणि रेशनचा मिलो, म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी, निवडायला बसले. हात खडे वेचत होते, डोकं दुपारच्या खोट्यावर अडकलं होतं.

दिवाळीनंतर माझे गुडघे सुजले होते आणि शाळेचा जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, हृदयाला काम द्या, पण गुडघ्यांना दणका नको. नगरच्या त्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत एक जमिनीला घट्ट बसवलेली सायकल होती. केडगावाहून आठवड्यातून तीनदा मी तिथे जाऊ लागले. घाम आला नाही तर व्यायाम कसला, अशा समजुतीने पहिल्याच दिवशी ब्रेक आवळून जोरात पाय मारले. चार मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी.

"बाई, कुठे पोचायचंय तुम्हाला?" तिथली सिस्टर म्हणाली. "बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा."

बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणू लागले. तेराचा पाढा न अडखळता झाला तर वेग बरोबर. मध्येच श्वास तुटला तर पाय हळू. सीट सिस्टरने वर घेतली, पाय खाली गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी. पाच मिनिटांवरून महिनाभरात वीसवर आले. जिना एका दमात चढू लागले.

त्या महिन्यात ओझं उचलायचं नव्हतं. म्हणून शेजारीण रोज पहाटे टँकरवरून स्वतःचं पाणी आणून झालं की माझाही एक हंडा आणून द्यायची आणि मग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. महिना संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता लहान घागर चालेल." घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही. थंडी होती, पहाटे उठवत नव्हतं. असेच तीन आठवडे गेले.

त्या शुक्रवारी दुपारी दवाखान्यात मी "तेरा सक अठ्ठ्याहत्तर"पर्यंत आले होते, तोच दारात शेजारीण. डाव्या अंगठ्याला मोठी पट्टी.

"आवाज वळखीचा वाटला म्हनून डोकावले. बाई, हितं बी शाळाच का?"

"अंगठ्याला काय झालं?"

"हातोडा बसला. नख गेलं." तिने सायकलभोवती एक फेरी मारली. "कवापासून हाकताय?"

"पंधरा मिनिटं झाली."

"आन गेलात कुठवर? मी येवढं पाय मारले असते तर सुप्याला पोचले असते."

सिस्टर हसली. मीही हसले. मग शेजारणीने विचारलं, "डाक्टर काय म्हनले? उचलाया अजून न्हाईच ना?"

"अजून नाहीच," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. येक हात हाय की धड. आनते मी."

घागरीची परवानगी मिळाली तेव्हा सिस्टर शेजारीच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये मान घातली. मी आणखी पाच मिनिटं पाय मारले. पाढा काही पुढे गेला नाही.

मिलो निवडून झाला, दळणाचा डबा भरून ठेवला. शेजारणीचं दार दहा पावलांवर होतं. गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला उठले आणि लहान घागर घेऊन टँकरच्या जागी गेले. रांगेत माणसांच्या आधी भांडी लागलेली असत. शेजारणीच्या हंड्यामागे माझा हंडाही होता. तो तिने आदल्या संध्याकाळीच लावून ठेवला होता. ती आली तेव्हा मी सांगून टाकलं, "घागर उचलायला डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. काल मी खोटं बोलले."

तिने आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या घागरीकडे.

"मंग पैल्यांदा माझ्या घरी वता," ती म्हणाली.

चार घागरी तिच्या रांजणात ओतल्या. पाचवी घरी आणली.