बाळकुमचे दोन काळुराम

गोपीनाथ कर्णिक ठाण्याच्या टपालकचेरीत आलेली पत्रं गावांप्रमाणे लावायचा. एकोणीस वर्षं तेवढंच केलं, कुणाच्या अध्यातमध्यात पडला नाही. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात पोलिसांकडून गुप्त यादी आली. तीतल्या माणसांची पत्रं आधी पोलीस उघडून वाचणार. त्यात एक नाव होतं : काळुराम भोईर, बाळकुम.

बाळकुमात त्या नावाचे दोघे होते. एक संपाचा पुढारी, फरारी. दुसरा मिठागरात राबणारा, अक्षरशत्रू. त्याची मुलगी शालू मिरजेला क्षयाच्या इस्पितळात होती. तिची पाकिटं पोलिसांकडे जायची आणि महिना-महिना परत यायची नाहीत.

"साहेब, हा तो काळुराम नव्हे," गोपीनाथ पोस्टमास्तरांना म्हणाला.

"कर्णिक, ते ठरवणारे आपण कोण?"

तरी त्यानं अर्ज केला. अर्ज वरपर्यंत फिरला आणि तपासायला आला तो ज्यानं यादी केली त्याच अधिकाऱ्याकडे. उत्तर आलं : नाव व गाव जुळते, चूक आढळली नाही. सोबत गुप्त यादीची वाच्यता केल्याबद्दल गोपीनाथला ताकीद.

एका रविवारी तो काळुरामला सांगायला निघाला. वाटेतल्या माजिवड्यापर्यंत गेला. नोकरी आठवली, लग्नाच्या दोन मुली आठवल्या, आणि माघारी फिरला.

भाद्रपदात काळुरामच खिडकीशी आला. हातात पाकीट, पुन्हा खळ लावून चिकटवलेलं.

"मास्तर, पोरीचा कागद आयलाय. वाचून दावा."

गोपीनाथनं वाचलं. 'बाबा, डॉक्टर घरी न्या म्हणतात. लवकर या, मी वाट बघतेय.'

"मंग उद्याच निघतो," काळुराम हरखून म्हणाला.

"पत्र जूनमधलं आहे, काळुराम."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "येवढे दिस कागद व्हता कुठं?"

गोपीनाथला ठाऊक होतं. "टपालात होतो उशीर कधी कधी," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी काळुराम एकटाच परतला. शालू श्रावणातच गेली होती. इस्पितळानं तेव्हाच कळवलं होतं. ते पत्र बाळकुमला पोचलंच नव्हतं.

गोपीनाथनं तारखांसकट दुसरा अर्ज केला. तीन महिन्यांनी तीच ओळ आली. पुढे फरारी काळुराम कल्याणला पकडला गेला, तरी यादीतलं नाव खोडलं गेलं नाही. यादी करणाऱ्याची बदली झाली होती, आणि दुसऱ्याला तो अधिकार नव्हता.

बाजारात भेटला की काळुराम हात जोडायचा. पोरीचं शेवटचं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, एवढंच त्याला माहीत. गोपीनाथ मग मागच्या गल्लीनं घरी जाऊ लागला.